बराकीची कमाई

डोंगरमाथ्यावरच्या कोल्पानी गावात कुणाच्याही घरात शिरलं तरी चुलीसमोरच्या भिंतीवर एक फळी दिसायची आणि फळीवर एक वस्तू. कुणाकडे घड्याळ, कुणाकडे शिवणयंत्र, कुणाकडे नुसतीच पितळी किटली. त्या वस्तूला पोराटोरांनी हात लावायचा नाही, तिची धूळ फक्त घरधनिणीने पुसायची. ही बराकीची कमाई. पोरगा अठरा-एकोणीसचा झाला की सरकार त्याला लष्करात ओढून नेई, वर्षभर राबवून घेई आणि एका जानेवारीत सोडून देई. सुटलेला पोरगा गावच्या वेशीवर उभारलेल्या कमानीखालून यायचा, आई आपला आवायो पसरायची, म्हणजे एरवी ज्यात मूल किंवा बटाटे पाठीवर बांधतात ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आणि आपल्या पगारातून आणलेली वस्तू पोरगा सगळ्या गावासमोर त्यात ठेवायचा. मग बँड वाजायचा, बायका रंगीत कागदाचे तुकडे उधळायच्या, आणि त्या दिवसापासून पोरगा बाप्या माणसात मोजला जायचा.

डॉन फॉस्तीनो तार्कीच्या फळीवर रेडिओ होता. लाकडी पेटीचा, सहा बॅटऱ्यांचा, वर विणलेलं पांढरं झाकण. बासिलियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्न होऊन आल्यापासून तीन वेळा ते झाकण नव्याने विणलं होतं. रेडिओ गेली बारा वर्षं मुका होता, पण फॉस्तीनो मुका नव्हता. कुणी पाहुणा आला, चघळायला कोकाची पानं पुढे सरकवून झाली की त्याची गाडी रेडिओवर यायचीच. "वर्षभर मूठ अशी घट्ट आवळली होती," असं म्हणून तो मूठ दाखवायचा. "बाकीचे पोरगे सुट्टीच्या दिवशी बीअर ढोसायचे. मी बराकीत बसून बटणं शिवायचो." पाहुणे मान डोलवायचे. शेजारच्या घरात राहणारी त्याची थोरली बहीण निकोलासा अशा वेळी उठून मेंढ्या बघायला जायची. तिच्या गोठ्यात मेंढ्या अशा चारच होत्या, त्यांना एवढं बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

या फॉस्तीनोचा एकुलता एक मुलगा एदिल्बेर्तो, घरात एदिल. त्याच्या भरतीचा दिवस आला तेव्हा बापाने त्याला ट्रकपर्यंत सोडलं आणि खांद्यावर हात ठेवून बजावलं, "सरकार जेवू घालतं, कपडे देतं, वर पगार देतं. खर्च कसला? मूठ घट्ट ठेव. रेडिओपेक्षा लहान वस्तू आणलीस तर लोक म्हणतील, बापाची सर नाही आली."

एदिल हसला. उंच, किडकिडीत, जरा जास्तच सरळ पोरगा. बापाचा शब्द त्याने खिशात घातला आणि वर्षभर सांभाळला. तिथेच सगळं बिघडलं.

गावात एकच फोन होता, डोन्या हिलारियाच्या दुकानात. तिचा मुलगा हेर्मान एदिलबरोबरच भरती झाला होता, एकाच बराकीत, तिकडे खाली उष्ण मुलखात, जिथे डास चिमणीएवढे असतात असं गावात बोललं जाई. महिन्यातून एका रविवारी तिथून फोन यायचा. आधी हिलारिया हेर्मानशी भरपूर बोलून घ्यायची, मग हाक मारायची.

पहिल्या दोन फोनमध्ये एदिल नुसता ऊन आणि कवायत सांगत राहिला. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "ताता, तुमच्या वेळी किती देत होते?"

"पुरेसे देत होते."

"पुरेसे म्हणजे किती?"

"ते मोजत बसलो असतो तर रेडिओ आला असता का?"

"मला इथे काही उरतच नाही, ताता. साबण आपला, बुटाचं पॉलिश आपलं, केस कापायचे पैसे आपले. परवा दिव्याची काच फुटली. कुणी फोडली माहीत नाही, पण सगळ्यांच्या पगारातून कापली."

"मग लक्ष ठेवायचं."

"दिव्यावर?"

"तोंड चालवू नकोस. पगार सगळ्यांना सारखाच मिळतो. ज्याला राखता येतो त्याचा राहतो."

फोन ठेवून फॉस्तीनो बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. बासिलिया म्हणाली, "चीज विकून थोडे आलेत. पाठवू का त्याला?"

"सैनिकाला घरून पैसे? उद्या सगळं गाव म्हणेल, तार्कीचा पोरगा आईच्या पदराला धरून कवायत करतो."

"गावाला कोण सांगायला जातंय?"

"मला माहीत असेल ना," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून कसं काय निघालं याचं एखाद्याला नवल वाटावं, पण खोटं वीस-पंचवीस वर्षं सांगितलं की माणूस त्याच्याशी फार प्रामाणिक राहतो.

जुलैत, डोंगरावरच्या ऐन थंडीत, पुन्हा फोन आला. या वेळी बासिलियाने आधी घेतला. जेवतोस का, म्हणून विचारलं. एदिल म्हणाला, सूप असतं, त्यात शेवया शोधाव्या लागतात. तिने डोळे पुसले, तोवर फॉस्तीनोने फोन ओढून घेतला.

"खरं सांग. बीअर पितोस ना?"

मग एदिल म्हणाला, "नाही, ताता."

"मग पैसे जातात कुठे? बाई आहे का कुणी?"

"नाही, ताता."

"मग तुझा हातच फाटका आहे. माझ्या घरात असा हात कुणाचा नव्हता."

त्यानंतर एदिलने फोन केला नाही. हिलारिया हेर्मानकडून खुशाली विचारून सांगायची, बरा आहे म्हणे, वाळलाय म्हणे. फॉस्तीनो म्हणायचा, लाज वाटत असेल, वाटू दे. पण रविवारी दुकानासमोरच्या दगडावर तो विनाकारण येऊन बसायचा आणि दुकान बंद झाल्यावरच उठायचा.

जानेवारीत सुटकेचा दिवस आला. पावसाने वाटेचा चिखल झाला होता, तरी बायकांनी वेशीवर कमान उभारली, तिच्यावर नवेजुने आवायो टांगले, पावाच्या माळा ओवल्या. दोन तुताऱ्या आणि एक ढोल एवढा बँड. बासिलियाने ठेवणीतली टोपी घातली होती. हिलारियाने तिच्याकडे पाहून हळूच विचारलं, "डोन्या बासिलिया, परवा शहरात नाही दिसलात तुम्ही? म्हटलं एकाच बसला भेटाल."

"शहरात कशाला?"

हिलारिया तिच्याकडे बघत राहिली. "काही नाही," म्हणाली, आणि माळ सारखी करायला लागली.

दुपारी टेकडीवर हेर्मान दिसला. एकटाच. हातात छोटा झेंडा, पाठीवर खोकं. कमानीखाली येऊन त्याने सलाम ठोकला, आईने आवायो पसरला, आणि खोक्यातून मिक्सर निघाला. चकचकीत, काचेच्या भांड्याचा. कोल्पानीत तेव्हा वीज नव्हती, पण आता मिक्सर होता. बँड वाजला, हिलारिया रडली. फॉस्तीनोने टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा टेकडीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

गर्दी पांगल्यावर हेर्मान आपणहून त्यांच्याकडे आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "तो शहरात, एल आल्तोपर्यंत, माझ्याबरोबर होता, डॉन फॉस्तीनो. परवा बस बदलायला उतरलो आणि म्हणाला, तू जा."

"लिब्रेता मिळाली नाही का त्याला?" बासिलियाने विचारलं. लष्कराची ती पुस्तिका नसली तर देशात कुठे उभं करत नाहीत.

"मिळाली. तिच्यातच सगळं गेलं ना. शेवटच्या आठवड्यात त्याची टोपी चोरीला गेली, आणि घोंगडी. सामान पूर्ण परत केल्याशिवाय लिब्रेता देत नाहीत. म्हणजे असं असतं, की बराकीत एकाची टोपी जाते, तो दुसऱ्याची उचलतो, दुसरा तिसऱ्याची. माझीही गेली होती." हेर्मान खाली बघत म्हणाला, "मी उचलली एकाची. एदिलने कुणाची उचलली नाही. भरून दिली."

"कशातून भरली? त्याच्याजवळ तर काही उरत नव्हतं," फॉस्तीनो म्हणाला.

"उरवत होता. रविवारी पाव मिळतो, तो विकायचा. दुसऱ्यांचे पहारे करायचा, पहाऱ्याला एक नाणं. रेडिओ घ्यायचा म्हणायचा, नवा, ताताच्या रेडिओशेजारी ठेवायला. आम्ही हसायचो त्याला." हेर्मानने टोपी डोक्यावर घातली. "आता बांधकामावर विटा उचलतोय, घाटावरच्या नव्या बसअड्ड्यामागे. गुरुवारी मुकादमाची गाडी साओ पाउलोला जाते, शिलाईच्या कारखान्यात. तिच्यात नाव दिलंय त्याने. म्हणाला, माझ्या बापाने या पगारात रेडिओ आणला आणि मला बॅटरीसुद्धा नाही जमली. हात हलवत घरी कसा जाऊ?"

साओ पाउलोच्या गाडीत चढलेला पोरगा परत कधी येतो हे कोल्पानीत कुणाला समजावून सांगायला नको होतं. मुकादमाची उचल फेडता फेडता चार वर्षं जातात. मग तिथेच लग्न, तिथेच मुलं. हिलारियाचा धाकटा दीर गेला होता, त्याचा एक फोटो आला, बस्स. दिवस शनिवारचा होता.

घरात येऊन फॉस्तीनो पोत्यावर बसला. बासिलिया उभीच राहिली. दोघं काही बोलायच्या आत निकोलासा दारातून आत आली, सरळ फळीपाशी गेली आणि तिने रेडिओवरचं झाकण काढून बाजूला टाकलं.

"सांग तिला," ती म्हणाली.

"निकोलासा, आज नको."

"आज नको, मग गुरुवारनंतर सांगशील का? तू सांगतोस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" बासिलियाने विचारलं.

फॉस्तीनोने तोंडातली कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात नेली. तेव्हा निकोलासाने रेडिओवर चापट मारली. "माझ्या अकरा मेंढ्या आहेत या पेटीत. माझ्या जावळाच्या दिवशी पाड्रिनोने, धर्मबापाने, मला एक मेंढी दिली होती. तिच्या अकरा मी केल्या, दगडधोंड्यांत, गारांत, अनवाणी. हा लष्करातून सुटला त्याच्या आदल्या आठवड्यात आईने त्या विकल्या, शहरात गेली, हा रेडिओ घेतला आणि बसअड्ड्यावर याच्या हातात दिला. हा आला रुबाबात कमानीखालून! याच्या खिशात काय होतं ठाऊक आहे? बसचं अर्धं तिकीट."

बासिलिया नवऱ्याकडे बघत होती. "आणि मी याची झाकणं विणली," ती म्हणाली. "आणि पोराला पैसे पाठवायला गेले तर..."

ती खाली बसली. तिने नणंदेला विचारलं, "सगळ्याच घरी असं असतं?"

"मग काय! इतकी वर्षं कुठल्या पोराच्या पगारात घड्याळ आलंय? प्रत्येक आई दोन दिवस आधी शहरात जाते, चीज विकायला म्हणून. सासू सुनेच्या कानात सांगून जाते. आपली म्हातारी तू यायच्या आधीच गेली. आणि मी तिला वचन देऊन बसले होते की फॉस्तीनोचं नाक कापणार नाही." निकोलासाचा आवाज चिरकला. "कळप नसलेल्या पोरीला मागणी येत नाही, बासिलिया. त्याचं मला काही नाही, माझं आयुष्य गेलं, बरं गेलं. पण याने पोरालाही तीच पेटी दाखवून उपाशी मारावं?"

फॉस्तीनोला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. त्याला आठवलं ते इतकंच, की बसअड्ड्यावर आईने रेडिओ हातात देताना त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली होती आणि म्हणाली होती, विचारलं तर सांग, मूठ घट्ट ठेवली. मूठ हा शब्दसुद्धा तिचा होता. तो पहिल्यांदा पाहुण्यांसमोर बोलला तेव्हा त्याला घाम फुटला होता. दुसऱ्यांदा कमी फुटला. पुढे पुढे बटणं शिवल्याचंही त्याला आठवायला लागलं.

सोमवारी पहाटेच्या ट्रकने तो निघाला. बरोबर रेडिओ, खरं काय ते पोराला सांगा म्हणून बासिलियाने आवायोत बांधून दिलेला, आणि तिचे चिजाचे पैसे. पण त्याच्या मनात एक सोपी वाट होती. आईने केलं तेच करायचं. एल आल्तोच्या बाजारात त्याने चिजाच्या पैशात बसेल असा एक स्टोव्ह घेतला, दोन बर्नरचा, आणि खोकं खांद्यावर घेऊन बसअड्ड्यामागे गेला.

एदिल तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर होता. बाप दिसल्यावर तो उतरून आला. फॉस्तीनोला त्याचं मनगट आधी दिसलं. हाडाभोवती नुसती कातडी, वर सिमेंटची पूड. एवढ्याशा मनगटाला आपण फाटका हात म्हणालो होतो, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला आपलीच शिसारी आली. पण तोंडातून निघालं ते नेहमीचं.

"वाळलास."

"ऊन होतं तिकडे."

"आई वाट बघतेय."

"तिला सांगा, साओ पाउलोहून पैसे पाठवीन."

फॉस्तीनोने खोकं पुढे केलं. "हे घे. स्टोव्ह आहे. खांद्यावर टाक आणि चल. कुणाला काही कळणार नाही."

एदिलने खोक्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "हे तुम्ही घेतलंत?"

"कुणी घेतलं त्याला काय महत्त्व?"

"ताता, तुम्ही स्वतःच्या कमाईचं नेलंत. आणि मी तुमच्या पैशाचा स्टोव्ह माझा म्हणून आईच्या आवायोत ठेवू? सगळ्या गावासमोर?" त्याने हात पाठीमागे घेतले. "मी फाटक्या हाताचा असेन, ताता, पण खोटारडा नाही."

वरून मिस्त्रीने हाक मारली. एदिल वळला. फॉस्तीनोच्या लक्षात आलं की आता हा वर गेला की संपलं. त्याने आवायोतून रेडिओ काढला आणि विटांच्या ढिगावर ठेवला.

"हा माझ्या आईने घेतला," तो म्हणाला.

"काय?"

"मी नाही. आईने घेतला, तुझ्या आत्याच्या मेंढ्या विकून. अकरा. मला वर्षभर जो पगार मिळाला त्यात मी एकदा भाजलेलं मांस खाल्लं आणि एक कंगवा घेतला. कंगवाही चोरीला गेला."

एदिल हलला नाही. वर मिस्त्री पुन्हा ओरडला, त्याने ऐकलं नाही. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी हळू होता.

"मी पाव विकायचो, ताता. रविवारचा पाव. आठवड्यात तोच एक मऊ मिळायचा. आडवा पडल्यावर मनात हिशेब मांडायचो की ताताला जमलं, मला का जमत नाही. मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे. मीच कुठेतरी उधळतोय आणि मला कळत नाहीये." त्याने सिमेंटच्या हाताने डोळे पुसले, डोळे अधिकच लाल झाले. "बीअर पितोस का, विचारलंत तुम्ही."

"विचारलं."

"सरकारने जो कापला तो पगार. तुम्ही तर मलाच कापलंत."

फॉस्तीनोने मान खाली घातली. आयुष्यात पोरासमोर त्याने ती पहिल्यांदाच घातली. "चल घरी," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, पण त्या गाडीत चढू नकोस."

"पाया नका पडू. मला ते नको." एदिलने रेडिओ उचलला, वजन पाहिल्यासारखा हातात धरला. "हे जे मला सांगितलंत ते तिथे सांगाल? कमानीखाली? मोठ्याने?"

"एदिल, तिथे सगळं गाव असतं."

"रेडिओच्या वेळीही होतं की."

फॉस्तीनोने स्टोव्ह दुकानात परत केला. दुकानदाराने थोडे पैसे कापूनच घेतले, अशा माणसांना कापायला कारण लागत नाही. मंगळवारी संध्याकाळी मजुरी हातात पडल्यावर एदिलने मुकादमाच्या यादीतून नाव काढलं आणि बुधवारी सकाळी बापलेक बसमध्ये बसले. चार तास शेजारी बसून ते पाऊस आणि बटाट्यांबद्दल बोलले. शेवटच्या वळणावर एदिल म्हणाला, "नाही सांगितलंत तर मी कमानीतूनच परत फिरेन." फॉस्तीनो म्हणाला, "कळलं."

कार्निव्हालच्या सणापर्यंत कमान उतरवत नाहीत, त्यामुळे ती उभीच होती, आवायो भिजून जड झालेले. बस थांबल्याचं ऐकून बायका आल्या, बँडवाले तुताऱ्या पुसत आले. हिलारिया हेर्मानला घेऊन पुढे उभी राहिली. बासिलियाने आवायो पसरला. निकोलासा मागे, भिंतीला टेकून.

एदिल कमानीपाशी थांबला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते आणि ते सगळ्यांना दिसत होते. तुतारीवाल्याने तुतारी ओठाला लावली आणि पुन्हा खाली घेतली.

फॉस्तीनो पुढे झाला. त्याला वाटलं, आत्ता विनोद करावा, कुणीतरी हसेल, वेळ निघून जाईल. मग त्याने पोराच्या मनगटाकडे पाहिलं.

"मी बराकीतून हात हलवत आलो होतो," तो म्हणाला. आवाज हवा होता त्याहून मोठा निघाला. "हा रेडिओ माझ्या आईने आणला. निकोलासाच्या अकरा मेंढ्या विकून. मी बटणंबिटणं काही शिवली नाहीत. इतकी वर्षं तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्हाला सांगितलं ते असो. पोराला सांगितलं, आणि त्याने ते खरं धरून स्वतःच्या तोंडचा पाव विकला." त्याला दम घ्यावा लागला. "लष्कराच्या पगारात वस्तू येत नाही. माझ्या वेळी येत नव्हती, आता येत नाही. या पोराचा हात फाटका नाही. मी मूर्ख आहे."

तो चालत भिंतीपाशी गेला आणि त्याने रेडिओ निकोलासाच्या पुढ्यात धरला.

"याचं काय करू?" ती म्हणाली. "याला लोकर येते का?"

कुणीतरी हसलं, मग दोघंतिघं हसली. फॉस्तीनोही हसला असता, पण त्याला रडू आलं. "मेंढ्या देतो," तो म्हणाला. "यंदा दोन. दरवर्षी दोन."

"माद्या," निकोलासा म्हणाली.

"माद्या."

हिलारियाने टोपी सारखी केली. तिला हे सगळं अजिबात आवडलं नव्हतं. "झालं ना? वाजवा मग, पोरगा भिजतोय," ती बँडवाल्यांवर खेकसली. हेर्मान आईकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"थांबा," एदिल म्हणाला.

तो कमानीखालून आत आला, आईसमोर उभा राहिला आणि त्याने खिशात हात घातला. कागदात गुंडाळलेली साबणाची वडी, झिजून अर्ध्याहून कमी उरलेली, आणि तीन नाणी. ती त्याने पसरलेल्या आवायोच्या मधोमध ठेवली.

"ही माझी कमाई, आई," तो म्हणाला. "पूर्ण वर्षाची. विटांचे पैसे वेगळे आहेत, ते नंतर देतो."

एवढ्या मोठ्या कापडात ती वडी आणि ती नाणी दिसतही नव्हती नीट. बासिलियाने चारी टोकं उचलली, किनुआच्या धान्याचं पोतं बांधावं तशी घट्ट गाठ मारली आणि ते पाठीवर घेतलं. मग ती पोराच्या गळ्यात पडली आणि त्याच्या बरगड्या हाताला लागल्यावर मोठमोठ्याने रडली. बँड वाजला. बेसूर वाजला, पण वाजला.

रेडिओ आता निकोलासाच्या गोठ्यात आहे, त्याच्यावर ती मिठाचा गोळा ठेवते. तार्कींच्या फळीवर विणलेलं पांढरं झाकण आहे, लहान करून पुन्हा विणलेलं, आणि त्याच्याखाली साबणाची ती वडी आणि तीन नाणी. पाहुणे झाकण उचलून बघतात आणि विचारतात, हे काय आहे. फॉस्तीनो कोकाची पानं पुढे सरकवतो आणि सांगतो, ही माझ्या पोराची बराकीची कमाई, सरकारने दिली तेवढीच. त्या वडीने त्या घरात कुणी कधी हात धुतले नाहीत.